अरबी समुद्राची राखण आणि व्यापाराचा हिशेब

जहाज सुटते, चाचे पकडले जातात. पण विम्याचा बोजा कोण उचलतो आणि खलाशाला कोण विचारतो?

२३ मार्च २०२४ रोजी ‘आयएनएस कोलकाता’ ही युद्धनौका मुंबई बंदरात लागली तेव्हा तिच्यावर ३५ सोमाली चाचे कैदी होते. माल्टाचा झेंडा लावणारे ‘रुएन’ हे मालवाहू जहाज या चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पळवले होते. तीन महिने ते त्यांच्या ताब्यात होते. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर दूर नौदलाने त्याला गाठले. विमानातून कमांडो उतरवले आणि चाळीस तासांच्या मोहिमेनंतर १७ खलाशांची सुखरूप सुटका केली. त्या खलाशांत भारतीय एकही नव्हता.

वर्तमानपत्रांनी या पराक्रमाच्या बातम्या ठळकपणे छापल्या आणि ते योग्यच होते. परंतु व्यापाराच्या पानावर या घटनेकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. परक्या देशाच्या जहाजासाठी भारताने एवढा खर्च आणि धोका का पत्करला? आपला निर्यातदार, आपला खलाशी, आपला गलबतवाला यांना त्यातून काय मिळाले? समुद्राची राखण युद्धनौका करतात, पण ती राखण कितपत जमली हे विम्याच्या टक्क्यावरून, भाड्याच्या दरावरून आणि माणसे घरी परतली की नाही यावरून ठरते.

मालाची वाट एकच

भारताचा परदेश व्यापार वजनाने मोजला तर सुमारे ९५ टक्के आणि किमतीने मोजला तर सुमारे ७० टक्के समुद्रमार्गे होतो. आखाताचे कच्चे तेल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येते. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात ती एडनचे आखात, बाब-अल-मंदब, तांबडा समुद्र आणि सुवेझ कालवा या वाटेने. जेद्दाला जाणारा बासमती आणि इजिप्तला जाणारे म्हशीचे गोठवलेले मांस यांचीही वाट तीच.

आपल्या वाचकांतील बुजुर्गांना ही वाट नकाशाशिवाय ठाऊक आहे. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजे याच मार्गाने जेद्दाला जात. बाब-अल-मंदबची रुंदी अवघी ३० किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या चिंचोळ्या दारावर कोणी बंदूक घेऊन उभा राहिला की नाशिकच्या बागाईतदारापासून मुंबईच्या तांदूळ निर्यातदारापर्यंत सर्वांच्या हिशेबाची वही उघडी पडते.

तीनशे वर्षांपूर्वीचा धडा

हा प्रश्न नवा नाही. १६९५ च्या सप्टेंबरमध्ये बादशहा औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज हज आटोपून परतणारे यात्रेकरू आणि मोठी संपत्ती घेऊन सुरतेकडे येत होते. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते लुटले. यात्रेकरूंवर अत्याचार झाले. बादशहाच्या हुकमाने सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैद झाली आणि त्यांचा व्यापार बंद पडला. शेवटी इंग्रज कंपनीला भरपाई द्यावी लागली आणि हाजींच्या जहाजांना संरक्षण देण्याची जबाबदारी युरोपीय कंपन्यांनी पत्करली.

यातील मर्म पाहण्यासारखे आहे. जमिनीवर एवढा बलाढ्य असलेला बादशहा समुद्रावर मात्र जंजिऱ्याच्या सिद्दींच्या आरमारावर आणि परक्या कंपन्यांच्या तोफांवर विसंबून होता. ज्याने राखणीचे काम पत्करले, त्याच्या हाती हळूहळू व्यापारही गेला. आज भारताचे धोरणकर्ते हिंदी महासागरात दुसऱ्या कोणावर विसंबून राहायला तयार नाहीत, त्यामागे इतिहासातील हा अनुभवही आहे.

नकाशावरची एक रेषा

२००८ सालापासून सोमालियाच्या चाच्यांनी एडनच्या आखातात धुमाकूळ घातला. लंडनच्या विमा बाजारातील संयुक्त युद्ध समितीने त्या वर्षी हा भाग धोक्याच्या यादीत टाकला. भारतीय नौदलाने ऑक्टोबर २००८ पासून तेथे एक युद्धनौका कायम ठेवण्यास सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये ‘आयएनएस तबर’ने भारताचे ‘जग अर्णव’ आणि सौदी अरेबियाचे ‘तिहामा’ ही जहाजे चाच्यांपासून वाचवली. त्याच महिन्यात तिने चाच्यांची म्हणून बुडवलेली एक बोट मात्र त्यांनी पळवलेला थायलंडचा मच्छीमार ट्रॉलर निघाली आणि तिच्यावर ओलीस असलेले बहुतेक खलाशी प्राणास मुकले. समुद्रावर चोर आणि साव ओळखणे किती अवघड, हे त्यावरून कळले.

आखातात पहारा वाढला तसे चाचे पूर्वेकडे सरकले आणि लक्षद्वीपच्या आसपास दिसू लागले. मग आंतरराष्ट्रीय जहाज उद्योगाच्या संघटनांनी २०१० साली ‘अतिधोक्याच्या क्षेत्रा’ची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत वाढवली. मुंबई सुमारे ७३ अंशांवर आहे आणि कन्याकुमारी साडेसत्याहत्तर अंशांवर. म्हणजे भारताचा सगळा पश्चिम किनारा कागदोपत्री चाच्यांच्या टापूत गेला!

त्याचे परिणाम थेट खिशाला जाणवले. मुंबई, न्हावाशेवा, कांडला, कोची येथे येणाऱ्या जहाजांच्या मालकांना जादा विमा आणि सशस्त्र रक्षकांचा खर्च सोसावा लागला. जहाजमालक असा खर्च स्वतःजवळ ठेवत नाही, तो भाड्यावर चढतो. रक्षक आले तसे दुसरे संकटही आले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी केरळच्या दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. विम्याच्या नकाशावर ओढलेल्या रेषेची किंमत दोन गरीब घरांनी अशी चुकवली.

ही रेषा मागे हटवण्यासाठी भारताने दुहेरी प्रयत्न केले. समुद्रावर जानेवारी ते मार्च २०११ या तीन महिन्यांत नौदल आणि तटरक्षक दलाने चार कारवायांत १२० चाचे पकडले. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय बैठकांतून सरकारने हा प्रश्न सतत लावून धरला. अखेर १ डिसेंबर २०१५ पासून सीमा ६५ अंशांपर्यंत मागे गेली आणि आपला किनारा मोकळा झाला. पुढे १ जानेवारी २०२३ पासून हे क्षेत्रच रद्द झाले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर भारताच्या सागरी धोरणाचे हे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले गेलेले यश आहे.

धोरण कसे बदलले

नौदलाने २००७ साली आपले सागरी रणनीतीचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावाचा अर्थ होता ‘समुद्र वापरण्याचे स्वातंत्र्य’. २०१५ साली नवी आवृत्ती आली, तिच्या नावाचा अर्थ झाला ‘सुरक्षित समुद्राची हमी’. दोन नावांतच फरक स्पष्ट होतो. आधी आपल्यापुरती वाट मोकळी हवी होती, नंतर शेजाऱ्यांनाही सुरक्षा पुरवण्याची भूमिका आली. त्याच वर्षी मार्चमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मॉरिशस येथे ‘सागर’ या नावाने हे धोरण मांडले आणि मार्च २०२५ मध्ये तेथेच ‘महासागर’ या नावाने त्याचा विस्तार जाहीर केला.

नावे बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम पाहिले तर त्याचे तीन भाग दिसतात.

पहिला भाग हजेरीचा. २०१७ पासून नौदलाने आपल्या नौका महत्त्वाच्या सागरी वाटांवर पाळीपाळीने कायम ठेवायला सुरुवात केली. घटना घडल्यावर मुंबईहून निघायचे, ही पद्धत मागे पडली. जून २०१९ मध्ये ओमानच्या आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले झाले तेव्हा ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू करून भारतीय झेंड्याच्या जहाजांना सोबत देण्यात आली.

दुसरा भाग माहितीचा. डिसेंबर २०१८ मध्ये गुरुग्राम येथे हिंदी महासागरासाठी माहिती केंद्र सुरू झाले. कोणते व्यापारी जहाज कोठे आहे आणि कोणती बोट संशयास्पद आहे, याची देवाणघेवाण तेथे मित्रदेशांशी होते. मॉरिशस, सेशेल्स, श्रीलंका आणि मालदीव येथे किनारी रडार उभारण्यात भारताने मदत केली आहे. समुद्र एवढा अफाट आहे की आधी दिसल्याशिवाय राखणे शक्य नाही.

तिसरा भाग स्वतःच्या किनाऱ्याचा. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे पळवलेल्या मच्छीमार ट्रॉलरमधून आले होते. त्यानंतर २००९ साली किनारी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे सोपवण्यात आली. मच्छीमारांना ओळखपत्रे आली, तपासणी वाढली. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. रायगड-रत्नागिरीचा दर्यावर्दी हा या व्यवस्थेचा डोळा आणि कान आहे. त्याच्याकडे संशयाने पाहणारी व्यवस्था तो डोळा आपल्याच हाताने मिटवून घेते.

तांबड्या समुद्राची कसोटी

नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर येमेनच्या हुथींनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले आणि त्यानंतर क्षेपणास्त्रे व ड्रोनचे हल्ले सुरू झाले. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. साडेतीन हजार सागरी मैलांहून अधिक जादा अंतर आणि दहा ते चौदा दिवसांचा जादा वेळ, असा हा वळसा. तो २०२४ च्या द्राक्ष हंगामावरच आला. तांदूळ थांबून राहू शकतो, द्राक्ष राहू शकत नाही.

जी जहाजे तांबड्या समुद्रातूनच गेली त्यांचा विमा पाहा. संकटापूर्वी युद्धधोक्याचा जादा हप्ता जहाजाच्या किमतीच्या ०.०५ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२४ च्या सुरुवातीस ०.७ ते १ टक्क्यापर्यंत पोहोचला. पाच कोटी डॉलर किमतीच्या जहाजाला जेथे २५ हजार डॉलर लागत, तेथे साडेतीन ते पाच लाख डॉलर लागू लागले, आणि तेही साधारण सात दिवसांपुरते.

नौदलांचे लक्ष तांबड्या समुद्राकडे वळले, हे चाच्यांच्या लक्षात आले. अतिधोक्याचे क्षेत्र रद्द होऊन वर्षही पुरे झाले नव्हते, तोच ‘रुएन’ पळवले गेले. २३ डिसेंबर २०२३ रोजी सौदी तेल घेऊन मंगळूरकडे येणाऱ्या ‘केम प्लूटो’ या जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ड्रोन आदळला. धोका पुन्हा आपल्या दाराशी आला.

या वेळी भारताने अमेरिकेच्या पुढाकाराने तांबड्या समुद्रात उभ्या राहिलेल्या लष्करी आघाडीत भाग घेतला नाही. आपल्या नौका एडनच्या आखातात आणि अरबी समुद्रात स्वतंत्रपणे ठेवल्या. या स्वतंत्र भूमिकेचे फळ दिसले. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’वरील २१ खलाशी वाचवले गेले, त्यांत १५ भारतीय होते. त्याच महिन्यात ‘आयएनएस सुमित्रा’ने चाच्यांच्या तावडीतून एका बोटीवरील १७ इराणी आणि दुसऱ्या बोटीवरील १९ पाकिस्तानी मच्छीमारांची सुटका केली. क्षेपणास्त्राने पेटलेल्या ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाची आग ‘आयएनएस विशाखापट्टणम’च्या जवानांनी विझवायला मदत केली, त्यावर २२ भारतीय खलाशी होते. मोहिमेच्या पहिल्या शंभर दिवसांत ११० जीव वाचवले आणि त्यांत ४५ भारतीय होते, असे नौदलाने जाहीर केले.

पाकिस्तानी मच्छीमार वाचवताना भारतीय जवानाने पासपोर्ट विचारला नाही. दर्यावरील माणुसकीचा हा रिवाज फार जुना आहे. त्यातून जी पत तयार होते ती कोणत्याही तहनाम्यापेक्षा अधिक टिकते.

पकडल्यानंतर काय?

चाचे पकडणे सोपे आणि शिक्षा देणे अवघड, अशी अनेक वर्षे स्थिती होती. भारतीय दंडविधानात चाचेगिरीचा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. २०११ साली पकडलेल्यांवर खुनाचा प्रयत्न, बेकायदा शस्त्रे अशा कलमांखाली मुंबईत खटले चालले. जानेवारी २०११ मध्ये पकडलेल्या १५ जणांना सात वर्षांची सजा झाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. तोपर्यंत ती जवळजवळ कोठडीतच भोगून झाली होती. ही उणीव सागरी चाचेगिरीविरोधी कायदा, २०२२ याने दूर केली. खोल समुद्रात पकडलेल्या परदेशी चाच्यावरही भारतात खटला चालवण्याचा आणि जन्मठेपेपर्यंत किंवा बळी गेला असल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षेचा मार्ग त्याने खुला केला. ‘रुएन’चे ३५ चाचे मुंबईत आणले ते याच कायद्याच्या आधाराने.

हिशेबातील उणे बाजू

यशाची बाजू सांगितल्यावर उणे बाजू झाकून चालणार नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज चाच्यांनी पळवले. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाल्यावर त्यांनी जहाज आणि आठ खलाशी सोडले, पण सात भारतीयांना मुद्दाम ठेवून घेतले. भारताने पकडलेले आमचे साथी सोडा, ही त्यांची मागणी होती. ते सात जण सुटले ३० ऑक्टोबर २०१४ रोजी, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळाने. देशाने कठोर धोरण घेतले ते बरोबरच होते, परंतु त्याचा भार सात कुटुंबांनी वाहिला. असे घडेल तेव्हा घरच्यांच्या उपजीविकेची सोय हाही सुरक्षा धोरणाचाच भाग मानला पाहिजे.

दुसरा प्रश्न लाकडी गलबतांचा. कच्छ-सौराष्ट्रातील मांडवी आणि सलाया येथील गलबते दुबईहून साखर, गहू, तांदूळ, किराणा घेऊन सोमालिया आणि येमेनच्या लहान बंदरांत जातात. मोठी कंटेनर जहाजे जेथे फिरकत नाहीत तेथे हीच गलबते अन्न पोहोचवतात. त्यांचे नाखुदे आणि खलाशी बहुतांशी मुसलमान, पिढीजात दर्यावर्दी. चाच्यांनी ही गलबते पळवायला सुरुवात केल्यावर मार्च २०१० च्या अखेरीस जहाजवाहतूक महासंचालनालयाने सलालाह ते माले या रेषेच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस जाण्यास गलबतांना मनाई केली. हेतू जीव वाचवण्याचा होता. पण ज्यांचा धंदाच त्या रेषेपलीकडे, त्यांनी खावे काय? पोटासाठी गलबते जात राहिली. एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून सोमालियातील बोसासोकडे निघालेले मांडवीचे ‘अल कौसर’ ११ खलाशांसह पळवले गेले. सोमाली सुरक्षा दलांच्या कारवाईने काही दिवसांत सुटका झाली, हे नशीब. मोठ्या जहाजाला नौदलाची सोबत आणि गलबताला फक्त मनाई, हा न्याय अपुरा आहे. ठरावीक दिवशी गलबतांचा तांडा करून त्याला सोबत देणे, स्वस्त दरात सामुदायिक विमा आणि प्रत्येक गलबतावर संकटसंदेशाचे यंत्र, एवढे झाले तरी पुष्कळ होईल.

तिसरी उणीव मूळची आहे. भारताच्या परदेश व्यापाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक माल परदेशी झेंड्याची जहाजे वाहतात. भाडे ते ठरवतात आणि वाटही तेच ठरवतात. राखण आपली, भाडे दुसऱ्याचे! स्वतःची जहाजे वाढल्याशिवाय नौदलाच्या मेहनतीचे पुरे मोल व्यापाऱ्याच्या पदरात पडणार नाही.

निर्यातदार आणि खलाशी यांच्यासाठी

धोरण दिल्लीत ठरते, पण काही गोष्टी आपल्याच हाती असतात.

मालाचा विमा घेताना कलमे नीट वाचावीत. ‘ए’ वर्गाच्या प्रमाण कलमांत चाचेगिरीचा धोका येतो; ‘बी’ आणि ‘सी’ वर्गात येत नाही. सीआयएफ सौद्यात विक्रेत्याने ‘सी’ वर्गाचा किमान विमा दिला तरी नियमात बसते, म्हणून स्वस्तातला विमा संकटात उपयोगी पडेलच असे नाही. युद्धाचा धोका तर तिन्ही वर्गांत नसतो. त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि कंपनी तो सात दिवसांच्या नोटिशीने रद्द करू शकते. जहाज वळसा घालून उशिरा पोहोचले आणि फळे नासली तर नुसत्या उशिराची भरपाई कोणत्याही वर्गात मिळत नाही. म्हणून नाशवंत मालाच्या सौद्यात जादा भाडे आणि उशीर कोणाच्या माथी, हे आधीच लिहून घ्यावे.

जगातील खलाशांत साधारण दर दहामागे एक भारतीय आहे आणि कोकणातील किती तरी घरांची चूल त्या पगारावर पेटते. जहाजावर चढण्यापूर्वी एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का आणि करार कोणत्या संघटनेशी झालेल्या वाटाघाटीनुसार आहे, हे पाहावे. आंतरराष्ट्रीय वाटाघाटी मंचाच्या करारानुसार युद्धसदृश ठरवलेल्या भागात जाण्यास नकार देण्याचा आणि कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क खलाशाला असतो. गेल्यास मूळ पगाराएवढा भत्ता आणि मृत्यू किंवा अपंगत्वासाठी दुप्पट भरपाई ठरलेली असते. चाच्यांच्या कैदेत असतानाही करार चालू राहतो आणि पगार द्यावाच लागतो, अशी दुरुस्ती आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात झाली असून ती डिसेंबर २०२० पासून अमलात आहे. ही माहिती घरच्या बायकामाणसांनाही असावी, कारण वेळ आलीच तर कंपनीच्या दारात त्यांनाच उभे राहावे लागते.

अरबी समुद्र भारताने राखला पाहिजे, यात दुमत नाही. गेल्या काही वर्षांत तो बऱ्यापैकी राखलाही गेला आहे. ७८ अंशांवरची रेषा मागे हटवताना जी चिकाटी दिसली, तीच आता गलबतवाल्याच्या विम्यासाठी आणि कैदेतील खलाशाच्या घरासाठी दिसायला हवी.